युकुलेले: महिन्याला एक आव्हान आणि हाताला कामाला येईल असा अभिप्राय

आरस्पानी

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत आता एक युकुलेले असतं. वाद्य हलकं, तारा चारच, वन आरकेतही ठेवायला जागा लागत नाही. सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या चार कॉर्ड (एकदम छेडायचे जुळलेले सूर) जमल्या की गाण्याला साथ करता येते, आणि रोज थोडा वेळ दिला तर त्या पंधरा दिवसांत जमतात. मग गाडी तिथेच थांबते. सहा महिन्यांनी भेटावं तर त्याच चार कॉर्ड, तोच ठेका, आणि वाद्य बहुतेक वेळ कपाटावर. मला यात आळस दिसत नाही. उद्या वाद्य हातात घेतल्यावर नेमकं काय करायचं ते ठरलेलं नसतं, आणि वाजवलेलं ऐकून 'इथे हे बदल' असं सांगणारं कोणी जवळ नसतं. एवढी सोय झाली तर नोकरी, प्रवास, घर सांभाळूनही माणूस पुढे सरकतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

दर महिन्याला सगळ्यांनी मिळून एकच आव्हान घ्यायचं. आव्हान गाण्याचं नसेल, हाताला लावायच्या एखाद्या सवयीचं असेल. गाणं ज्याने त्याने आपल्या आवडीचं निवडावं. महिन्याच्या सुरुवातीला एक रेकॉर्डिंग, अखेरीस दुसरं, दोन्ही एका मिनिटाच्या आत. पहिलं कच्चंच असू द्या, ते चांगलं करत बसू नका. त्याचा उपयोग शेवटच्याशी ताडून पाहायला.

या महिन्यासाठी मी वरच्या चार कॉर्डचं चक्रच सुचवते. 'ते तर येतं' असं बरेच जण म्हणतील. पण कॉर्ड येणं आणि लय न मोडता एका कॉर्डवरून दुसरीवर जाणं यात फार अंतर आहे. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा, प्रत्येक कॉर्डला चार ठोके, प्रत्येक ठोक्याला हात एकदा खाली. उजव्या हाताला एवढंच. खरं काम डाव्याचं आहे, ते नीट लिहिते. (पहिली तार म्हणजे मांडीकडची, चौथी म्हणजे हनुवटीकडची. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, मोजायच्या खुंट्यांकडून.)

सी वाजवताना अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते, बाकीची बोटं मोकळी. म्हणजे सी वाजत असतानाच मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तारेला न टेकता, येऊन थांबू शकतं. अनामिका उचलली, मधलं टेकवलं की ए मायनर. तिथून एफला जाताना मधलं बोट हलवायचंच नाही, फक्त तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवायची. एफवरून जी सेव्हनला जाताना ही तर्जनी तिथेच राहते. मधलं बोट त्याच फ्रेटला चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येतं आणि अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बसते. जी सेव्हनवरून सीला परतताना तीच अनामिका तार न सोडता एक फ्रेट पुढे घसरते. अख्खा हात उचलून नव्याने मांडावा लागेल असा बदल या चक्रात कुठेच नाही. तरी नवीन वाजवणारे जवळजवळ सगळे प्रत्येक वेळी चारही बोटं हवेत नेतात, आणि लय तुटते ती तिथे.

आता अभिप्रायाबद्दल. इथे मी आग्रही आहे. 'मस्त', 'झकास', 'अजून सराव हवा' यातलं काहीच वाजवणाऱ्याच्या हाती लागत नाही. कितव्या सेकंदाला ऐकलं ते सांगा, तिथे काय ऐकू आलं ते सांगा, आणि उद्या वाद्य घेतल्यावर करून बघता येईल असं एक काम सांगा. एकच. पाच गोष्टी खटकल्या तरी जी सुटली की आणखी एक-दोन आपोआप सुटतील ती निवडा. ही निवड करायला दोनदा-तीनदा ऐकावं लागतं, आणि त्यात आपलाही कान तयार होतो. दुसऱ्याच्या वाजवण्यातली अडलेली जागा पकडता यायला लागली की स्वतःचीही ऐकू येते.

कोण कोण येतंय?

शेवटची_विरार

ताई, मी येणार. दोन अडचणी आहेत. घरी पोचेपर्यंत साडेदहा वाजतात, आई-बाबा झोपलेले असतात आणि मधली भिंत पार पातळ आहे. आणि रोज किती वेळ द्यायचा? मला मोठ्या मुश्किलीने पंधरा मिनिटं मिळतील.

आरस्पानी

पंधरा मिनिटं भरपूर झाली, फक्त रोज हवीत. रविवारी दोन तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण बोटांना जागा रोज भेटली की लक्षात राहते.

आवाजासाठी: रुमालाची घडी करून ब्रिजजवळ (खोडावरची, तारा अडकवलेली पट्टी) तारांखाली सारा. झंकार मरतो, पण कॉर्ड बदलताना लय तुटली की नाही ते कळतं. उलट जास्त चांगलं कळतं, कारण लांबत जाणारा आवाज चुका झाकतो. नखाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवा. या महिन्याच्या आव्हानाला एवढं पुरे. सुट्टीच्या दिवशी मात्र रुमाल काढून वाजवा, नाहीतर सुराकडे लक्षच जाणार नाही.

तानपुरा६२

उपक्रम चांगला आहे, पण मला एक शंका मांडायची आहे. आमच्या गुरुजींनी एक अलंकार महिनोन्महिने घोटून घेतला. नवीन मागितलं की म्हणायचे, हा झोपेत येऊ दे. दर पहिल्या तारखेला नवं आव्हान म्हटलं की माणूस अर्धवट जमलेलं सोडून पुढच्याच्या मागे लागतो. वर्षाअखेरीस बारा गोष्टी चाखलेल्या, एकही पचलेली नाही, असं व्हायला नको.

दुसरं, सेकंद सांगून, एकच काम सांगून अभिप्राय द्यायचा, हे मला पटलं. तालमीत हेच होतं. गुरुजी अख्खी बंदिश कधी थांबवत नसत, एक जागा थांबवत.

कट्ट्यावरचा

सेकंद सांगायची पद्धत चांगली आहे, पण सांगण्याच्या सुराबद्दलही काही ठरायला हवं. माझी बहीण एका क्लासला जायची. तिथे सगळ्यांसमोर तिला सांगितलं गेलं की तुला कान नाही. त्यानंतर तिने वाद्याला हात लावला नाही, आणि ती घरी खरंच बरं वाजवायची. दोष सांगणारा बरोबर असेलही, पण 'कान नाही' हे ऐकून माणसाने दुसऱ्या दिवशी नेमकं काय करावं? माझी विनंती आहे की प्रत्येक अभिप्रायात आधी काय चांगलं झालं ते लिहावं.

आरस्पानी

तानपुराकाका, तुमची शंका रास्त आहे. एक बदल करूया. ज्याला वाटतं अजून बसलं नाही त्याने पुढच्या महिन्यातही तेच आव्हान घ्यावं, रेकॉर्डिंगसोबत तसं लिहावं, बाकीच्यांनी त्याला तितक्याच गांभीर्याने ऐकावं. फक्त दुसऱ्या महिन्यात काहीतरी एक वाढवा: गती ६० वरून ७२, किंवा चारऐवजी दोन ठोक्यांना कॉर्ड बदलणं. तेच तसंच परत केलं तर हात पुढे जात नाही.

कट्ट्यावरचा, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. 'तुला कान नाही' हा अभिप्राय नाहीच, तो माणसावर मारलेला शिक्का आहे. इथे माणसाबद्दल कोणी काही लिहायचं नाही, फक्त ऐकू आलेल्या आवाजाबद्दल. आणि चांगलं काय झालं ते लिहायला माझी पूर्ण संमती आहे, पण तेही नेमकं लिहा. 'छान वाजवलंस' वाचून आनंद होतो, पण काय टिकवायचं ते कळत नाही. 'मिनिटभर लय ६० वरून हलली नाही' असं लिहिलं तर वाजवणाऱ्याला कळतं की उजवा हात आता तसाच ठेवायचा, लक्ष डाव्याकडे द्यायचं.

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. लहान मुलांच्या बाबतीत एक युक्ती फार कामाची ठरली, ती इथेही चालेल. जोड्या लावायच्या आणि ऐकणाऱ्या मुलाने वाक्य 'मला ऐकू आलं की' असंच सुरू करायचं. 'तू चुकलास' म्हणायला जागाच उरत नाही, आणि मुलं कमालीचं बारीक ऐकतात. 'मला ऐकू आलं की शेवटची तार वाजलीच नाही.' मग दोघं मिळून बोट कुठे टेकलंय ते बघतात. बहुतेक वेळा शेजारच्या बोटाचा मांसल भाग तारेला लागलेला असतो, किंवा तळहात मानेला चिकटलेला असतो.

वर्गात शिकवायला युकुलेले हे नवीन खूळ आहे असं आमच्याकडे पालकांना वाटतं. कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये चाल्मर्स डोन यांनी १९६०-७० च्या दशकांतच अख्ख्या वर्गांना या वाद्यावर संगीत वाचायला, ऐकायला आणि एकत्र वाजवायला शिकवलं, आणि तो अभ्यासक्रम देशभर पसरला. वाद्य लहान मुलाच्या हाताला झेपतं हे त्यामागचं मोठं कारण.

शेवटची_विरार

एक भर घालतो. सकाळच्या आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. झांज वाजवणारे काका बोलता बोलता, स्टेशन आलं तरी, धक्का बसला तरी हात चुकू देत नाहीत. मी आता मेट्रोनोमच्या जोडीला त्यांचा ठेका मांडीवर धरतो. रात्री वाद्य हातात घेतलं की उजवा हात आधीपासून चालू असल्यासारखा चालतो.

नवशिकी

नमस्कार. मी ठाण्याची, पण ऑफिस दादरला, म्हणून मुंबईकर समजून घ्या. पहिलं रेकॉर्डिंग टाकलंय. मेट्रोनोम ६०, सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन, तीन वेळा फिरवलंय. कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले आहे, नवीनच घेतलंय. मला स्वतःला वाटतंय की काहीतरी सारखं अडखळतंय, पण नेमकं कुठे ते सापडत नाही. आणि सूरही मधेच विचित्र लागतो. मोकळेपणाने सांगा, मी वाट बघतेय.

आरस्पानी

ऐकलं, तीनदा. मिनिटभरात उजवा हात एकदाही ठोका सोडत नाही. हे पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सहसा होत नाही, ते जप.

आता ०:१४, ०:३० आणि ०:४६ ऐक. तिन्ही ठिकाणी एफवरून जी सेव्हन येते आणि तिन्ही ठिकाणी ठोक्यावर मोकळ्या तारा वाजतात, जी सेव्हन त्यानंतरच्या ठोक्याला बसते. तुला अडखळल्यासारखं वाटतं ते हेच. बाकीच्या तिन्ही बदलांत असं होत नाही, तेव्हा फक्त या एकाच बदलावर काम कर.

उद्या असं करून बघ. उजवा हात बाजूला ठेव. एफ धर. तर्जनी खाली दाबलेली ठेवून फक्त मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्यावर ने आणि परत आण. अनामिका अजून विसर. मधलं बोट न बघता जाऊ लागलं की मग अनामिका त्याच्यासोबत टाक. दोघं एकदम उतरले पाहिजेत. तर्जनी उचलली जातेय का ते नखाच्या रंगावरून कळतं: दाब असेपर्यंत नखाचं टोक पांढुरकं राहतं. पांढुरकेपणा गेला की समज बोट सुटलं.

तानपुरा६२

मला सुराबद्दल सांगायचं आहे. ०:१८ ला दुसऱ्या फेरीची सी सुरू होते, तिथे पहिल्या तारेवरचा तार षड्ज चढा लागतो. ए मायनरमध्ये त्याच तारेचा उघडा धैवत बरोबर आहे, म्हणजे तार मिळवलेली नीट आहे आणि दाबल्यावर चढते. कान शंकास्पद नाही, तुम्हाला ते स्वतःला ऐकू आलं हेच त्याचं प्रमाण.

तपासायची सोपी रीत: तिसरी तार उघडी छेडा, तो षड्ज. मग पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून छेडा, तो वरचा षड्ज. दोन्ही एकमेकांत विरघळले पाहिजेत. आधी नेहमीच्या जोराने दाबा, मग आवाज फुटणार नाही इतपतच जोर ठेवून दाबा. फरक ऐका आणि इथे लिहा.

बापू_मुलुंड

मी वाद्यं दुरुस्त करतो, बरीच वर्षं. तानपुरासाहेबांनी सांगितलेली चाचणी करा. हलक्या हाताने दाबल्यावर सूर जुळला तर दोष जोराचा. नायलॉनची तार मऊ असते, गरजेपेक्षा जास्त दाबली किंवा बाजूला ओढली गेली की सूर चढतो. पण हलक्या हातानेही चढाच लागला तर नट बघा, म्हणजे मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त वाद्यांत नटच्या खाचा उथळ ठेवलेल्या असतात, तारा पहिल्या तीन फ्रेटांवर उंच राहतात आणि दाबेपर्यंतच ताणल्या जातात. खाच थोडी खोल केली की दोष जातो. घरी कानशीने करायला जाऊ नका. केसभर जास्त गेली तर उघडी तार फ्रेटला घासून खरखरते आणि नट बदलावा लागतो.

नवीन वाद्य असेल तर आणखी एक. नव्या तारा आठवडाभर तरी सारख्या उतरत राहतात. रोज मिळवा, प्रत्येक तार मधोमध हलकेच वर ओढा, पुन्हा मिळवा. सूर टिकत नाही म्हणून वाद्याला नावं ठेवू नका.

आणि मुंबईचा पाऊस. लॅमिनेटचं (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं) वाद्य पावसाळा बऱ्यापैकी काढतं. अख्ख्या लाकडाच्या फळीचं असेल तर जपावं लागतं. घराचं दार पावसात फुगतं तशी वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. जूनमध्ये हलकं वाजणारं वाद्य ऑगस्टमध्ये जड का झालं, असं विचारायला दरवर्षी कोणीतरी येतं. वाजवून झालं की पिशवीत ठेवा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या अधूनमधून बदला. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मुंबईत पावसाळ्यात ती भिंत ओली असते. बाराव्या फ्रेटपाशी तार फ्रेटच्या वर अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बरीच उंच दिसली तर दाखवून घ्या.

नवशिकी

चाचणी केली. हलक्या हाताने दाबल्यावर दोन्ही षड्ज जुळतात! म्हणजे मी जोर जास्त लावत होते. आणि आरस्पानीताई, नखाचं बघितलं, एफ सोडताना तर्जनी दर वेळी पांढरी राहत नाही, म्हणजे उचलतेच. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात असं वाटतंय, कारण घट्ट दाबलेलं बोट हलवायला उचलावंच लागतं.

आरस्पानी

हो, अगदी तेच. जोर कमी झाला की बोटं तारेवरच फिरायला लागतील. आता फक्त त्या एका बदलावर राहा, अख्खं चक्र दिवसातून एकदाच वाजव.

गिरगावातून

धागा वाचत होतो. एक मूलभूत प्रश्न. हे वाद्य कॉर्डसाठी आहे. आपल्या गाण्यांना कॉर्ड चिकटवल्या की ती नेहमीच जरा परकी वाटतात. रागाचं काही यावर वाजू शकतं का, की उगाच ओढाताण आहे?

तानपुरा६२

हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी यात उतरलो. उत्तर मला फार सुंदर मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

नेहमीच्या मिळवणीत उघड्या तारा चौथीपासून जी, सी, ई, ए अशा असतात. पांढरी एकचा, म्हणजे सीचा षड्ज धरला तर त्या होतात प, सा, ग, ध. चौथी तार खर्जातली नाही, ती मध्य सप्तकातलाच पंचम आहे. भूप आठवा: सा रे ग प ध. म्हणजे चारही उघड्या तारा भूपातल्या! राहिला रिषभ, तो तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. आरोह असा: तिसरी तार उघडी सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, दुसरी तार उघडी ग, तिच्या तिसऱ्या फ्रेटवर प, पहिली तार उघडी ध, तिच्या तिसऱ्या फ्रेटवर तार सा. पुढे पाचव्यावर रे, सातव्यावर ग. दुर्गा हवा असेल तर गंधार सोडा आणि दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर मध्यम घ्या.

चौथी आणि तिसरी तार शेजारी शेजारी प आणि सा आहेत. अंगठ्याने त्या अधूनमधून छेडत राहिलं तर तंबोऱ्याचा आधार मिळतो, आणि पहिल्या दोन तारांवर राग चालू राहतो. मध्य रिषभ घेताना तेवढा सा थांबतो, पण त्याने बिघडत नाही.

एक बारकावा. ट्यूनरने (सूर मोजून दाखवणाऱ्या यंत्राने) मिळवलेला गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट) चढा असतो. एकट्याने भूप वाजवायचा असेल तर मी दुसरी तार केसभर उतरवतो. मग त्या तारेवरचा पंचमही उतरतो, तेव्हा पंचमासाठी चौथी तार उघडी वापरतो. कॉर्ड वाजवताना मात्र ट्यूनरप्रमाणेच ठेवा.

परकेपणाबद्दल एवढंच म्हणेन. मदेइराहून आलेल्या पोर्तुगीज सुतारांनी १८७९ नंतर होनोलुलूत हे वाद्य घडवलं आणि हवाईच्या लोकांनी ते आपलं केलं. आपल्याकडे हार्मोनियमही बाहेरूनच आली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दूर ठेवलं, तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हातात ती मराठी संगीताची झालेली होती. वाद्य कुठलं यापेक्षा त्यावर काय मन लावून वाजवलं जातं याला मी महत्त्व देतो.

गिरगावातून

वाचून लगेच वाजवून पाहिलं. चारही तारा उघड्या छेडल्या तरी भूपच ऐकू येतो! माझं नाव यादीत घाला. आणि भूपाचं एखादं आव्हान ठेवाच.

आरस्पानी

तिसऱ्या महिन्यात भूप ठेवूया, आणि ते तानपुराकाकांनी आखून द्यावं. शिवाय त्या महिन्यात अभिप्राय सुराबद्दलच द्यायचा, लयीबद्दल नाही. एका महिन्यात एकाच दिशेने ऐकलं की कान पक्का होतो.

नवशिकी

महिनाअखेरीचं रेकॉर्डिंग टाकलंय. ६० ला एफवरून जी सेव्हन आता ठोक्यावर बसते. ७२ वर गेले की ०:३५ च्या आसपास पुन्हा मोकळ्या तारा ऐकू येतात. मी पुढच्या महिन्यात हेच आव्हान ७२ वर घेणार आहे.

कट्ट्यावरचा

दोन्ही लागोपाठ ऐकली. मला ऐकू आलं की दुसऱ्यात सीचा वरचा सूर स्थिर आहे, प्रत्येक फेरीत. ७२ वर जिथे सुटतं तिथे उजवा हातही जरा जोरात पडतोय, ०:३३ पासूनच. पुढचा बदल येतोय या धास्तीने होत असावं. त्या दोन ठोक्यांना मुद्दाम हलक्या हाताने वाजवून बघा.

बहिणीला हा धागा वाचायला दिलाय. तिने वाद्य खाली काढून तारा मिळवल्या.

आरस्पानी

कट्ट्यावरचा, हा अभिप्राय मला सुचला नसता. ती जागा मी ऐकली, तुमचं बरोबर आहे. बहिणीला म्हणावं, रेकॉर्डिंग टाकायची घाई नाही, आधी दुसऱ्यांची ऐकून लिहायला लागली तरी चालेल.

आता पुढच्या महिन्याचं आव्हान: केहरवा. आठ मात्रांचा ताल. हात आठही मात्रांना हलत राहतो, १, ३, ५, ७ ला खाली आणि २, ४, ६, ८ ला वर. पण तारांना लागतो तो १, ३, ४, ६, ७, ८ ला. २ आणि ५ ला हात तारांना न लागता हवेतून जातो. सगळी गंमत ५ ला आहे. तिथे हात खाली जायला हवा आणि आवाज यायला नको. बहुतेकांचा हात तिथे थांबतो, मग ६ उशिरा येते आणि ठेका लंगडतो. म्हणून या महिन्यात सगळ्यांनी एकमेकांची पाचवी मात्रा ऐकायची. सुरुवातीला कॉर्ड बदलूच नका, सी एके सी.

तानपुरा६२

पाचवी मात्रा ही केहरव्याची 'खाली' आहे, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा दाखवायची जागा. तबल्यावरही तिथे डग्ग्याची भर कमी होते. त्यामुळे ही पद्धत कानाला आपली वाटते. मोजताना आकडे न म्हणता बोल म्हणा: धा गे ना ती, न क धी न. पाचव्या मात्रेच्या 'न'ला हात मोकळा.

खडूफळा

वर्गात मुलांना तारा न छेडता आधी नुसता हात हलवायला लावते, तोंडाने बोल. पाचव्याला मूठ उघडायची. दोन दिवसांत बसतं.

शेवटची_विरार

मी तयार. एकच अडचण, मी गातो काळी एकला, म्हणजे सीच्या लगेच वरच्या सुरात. सीचा आकार धरून गायला गेलो की सूर खाली पडतो. सगळ्या कॉर्ड नव्याने शिकाव्या लागतील का?

आरस्पानी

काही नव्याने शिकायचं नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव, बोटांचे आकार तेच ठेव. सीचा आकार काळी एकचा सूर देईल. कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे बसव, आणि लावल्यावर चारही तारा ट्यूनरवर पुन्हा तपास, दाबाने त्या थोड्या चढतात. रेकॉर्डिंग २८ तारखेपर्यंत टाका सगळ्यांनी.